चंबूगबाळे, नग एक

एका मासिकाच्या संपादकांनी गेल्या महिन्यात मला पत्र लिहिलं. जुन्या शब्दांची तुम्हांला आवड आहे असं ऐकतो, तेव्हा ‘चंबूगबाळे’ या शब्दाचा अर्थ आणि मूळ यांवर दोन-चार पानं लिहून पाठवा, असं त्यात होतं. पत्र तीन आठवडे तसंच पडून राहिलं. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा अर्ध्या पानानंतर कागद फाडला. शब्दाविषयी मला पुष्कळ सांगता येतं. पण तो शब्द मी एकदा एका कागदावर लिहिला होता, ते सोडून बाकीचं सांगत बसणं म्हणजे पुन्हा एकदा लबाडी करणं आहे. ज्यांना हे सांगायला हवं होतं ती माणसं आता नाहीत.

अर्थ अवघड नाही. चंबू म्हणजे फुगीर पोटाचं, अरुंद गळ्याचं पाण्याचं लहान भांडं. हा शब्द आपल्याकडे दक्षिणेतून आला असावा. कानडीत आणि तेलुगूत चेंबु म्हणजे लोटा, आणि त्याच्या मुळाशी तांबडेपणा दाखवणारा ‘चेम्’ आहे, तांब्याचा म्हणून चेंबु, असं एका कानडी शास्त्रीबुवांनी मला सांगितलं होतं. सोलापुरात राहणाऱ्याला खरं म्हणजे शास्त्रीबुवांची गरज नाही. आमच्या गल्लीतल्या नळावर सकाळी उभं राहिलं की एक बाई तांब्या म्हणे, दुसरी चंबू, तिसरी चेंबु, चौथी लोटा. आणि भांडण मात्र चौघींना एकमेकींचं नीट कळे. गबाळ म्हणजे बोचकं. फिरस्ता माणूस अंथरूण-पांघरूण, चिरगुटं, जे असेल ते ज्यात कोंबून खांद्यावर टाकतो ते. याचं मूळ मला सापडलेलं नाही. गबाळा माणूस, गबाळं काम ही त्याचीच पिलावळ असावी. तहान भागवायला एक भांडं आणि पाठ टेकायला एक बोचकं, एवढ्यावर ज्याचा संसार आटोपतो त्याचं सगळं सामान या एका शब्दात मावतं.

आणखी एक गोष्ट मला पुढे कळली. हा शब्द माणूस स्वतःच्या सामानाला सहसा लावत नाही. ‘उचला तुमचं चंबूगबाळं’ असं दुसराच कुणीतरी म्हणतो. ज्याचं सामान असतं त्याच्या लेखी त्यात चंबू वेगळा असतो, वाकळ वेगळी असते, आणि प्रत्येक वस्तूला तिची हकीकत असते.

तो कागद मी लिहिला त्या वर्षी शहरात पुन्हा उंदीर मरून पडू लागले होते. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, एका शाळेत मराठी शिकवत होतो. शाळा बंद झाली आणि आम्हां मास्तरांना प्लेगच्या कामावर घेतलं. ज्या गल्लीत माणूस दगावे ती गल्ली रिकामी करून लोकांना गावाबाहेरच्या माळावर झोपड्यांत नेत. लोक त्याला अजून कारंटीनच म्हणत. जाताना अंगावरचे कपडे, एक पातेलं, एक तवा आणि शिधा एवढंच न्यायचं. बाकी घरातलं सामान गाड्यांवर लादून एका जुन्या कोठीत जाई. तिथं कपड्यांना वाफ देत, भांडी उकळत्या पाण्यातून काढत, आणि दीड-दोन महिन्यांनी ज्याचं त्याला परत मिळे. परत देताना घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक घराची यादी करायची. यादी करणं हे मास्तरांचं काम. कागदावर रकाने आखलेले होते : घर, कुटुंबप्रमुख, सामानाचा तपशील, नग.

माझ्या वाट्याला आलेल्या गल्लीत अकरा घरं होती. तोंडाशी शंकराचं लहानसं देऊळ, त्याला लागून पुजाऱ्याचं घर, आणि पुढं बहुतेक तेलुगू विणकरांची घरं. माग घरातच ठेवायचे होते, पण सूत, कापड, भांडी सगळं बाहेर निघालं होतं. पहिल्या तीन घरांची यादी मी व्यवस्थित केली. पितळी परात एक, जर्मनचं भगुणं एक, वाकळा तीन, असं. तिसऱ्या घरातून हमाल एक पेटी घेऊन बाहेर आले आणि पेटीमागून एक मेलेला उंदीर खाली पडला.

त्यानंतर मी कुठल्याही घराच्या उंबऱ्याजवळ गेलो नाही. समोरच्या लिंबाखाली उभा राहिलो. हमाल तिथून ओरडून सांगत, मी लिहून घेई. थोड्या वेळानं त्यांचं ओरडणंही मला नीट ऐकू येईना, किंवा मी ऐकत नव्हतो. घरी बायको होती, सहा महिन्यांचं मूल होतं. मला तिथून लवकर निघायचं होतं. चौथ्या घराच्या रकान्यात तपशील म्हणून मी लिहिलं : चंबूगबाळे. नग एक.

खरं सांगायचं तर तो शब्द तिथं उमटलेला पाहून मला बरं वाटलं. त्या भयाण दुपारी आपल्याला एवढा नेमका शब्द सुचला याचं मला कौतुक वाटलं. पुढच्या घरालाही तोच लिहिला. मग त्याच्याखाली नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा करत गेलो.

गाडीवानाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्यानं कागदाकडे वाकून पाहिलं.

“क्या मास्तर, एकच लफ्ज में पूरा घर भर दिये?”

“मावलं त्यात,” मी म्हणालो.

“हौ जी, मेरी गाडी में नै माता, तुमारे लफ्ज में माता!” तो हसला आणि त्यानं बैलांना हाक दिली.

पुजाऱ्याचं घर शेवटी आलं, कारण पुजारी आजारी होते आणि त्यांना उचलून बाहेर आणायला वेळ लागला. त्यांना प्लेग नव्हता. जुना दमा होता. त्यांची बायको दुधनीकडची. घरात कानडी, बाहेर मराठी. मूलबाळ नव्हतं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी पदराखाली काहीतरी धरलं होतं. पथकाच्या जमादारानं हटकलं. पदराखाली तळहातावर राहील एवढा एक तांब्याचा चंबू निघाला. काशीहून लोक आणतात तसा, कथलाचा डाक लावून तोंड बंद केलेला, वर लाखेची मोहोर.

“बाई, बंद भांडं नेता यायचं नाही,” जमादार म्हणाला.

“गंगा हाय की त्याच्यात! अठरा वर्सं देवामागं हाय. यांच्यासाठी हाय ते,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. “मास्तर, तुमी तर सांगा याला. यांचं काय खरं हाय का आता? तिकडं काय झालं म्हंजे तोंडात काय घालू मी, विहिरीचं पाणी?”

मी लिंबाखालून दोन पावलं पुढं गेलो. तेवढ्यानंच मला धाडस केल्यासारखं वाटलं.

“राहू द्या, बाई. इथंच ठेवा. मी लिहून घेतो.”

“नक्की लिवणार की?”

“लिहितो.”

त्यांनी तो चंबू गाडीतल्या एका बोचक्यावर ठेवला. मग परत उचलला, बोचक्याच्या आत खुपसला. गाडी हलली तरी त्या बघत होत्या.

“लिवलं का, मास्तर?”

“लिहिलं, लिहिलं,” मी म्हणालो. कागदावर त्यांच्या घरापुढे वरच्या शब्दाची खूण होती. चंबू त्या शब्दात आहेच, असं मी स्वतःला सांगितलं.

पुजारी माळावरच्या झोपडीत मेले नाहीत. तसं झालं असतं तर माझी चूक त्याच दिवशी उघडी पडली असती, आणि कदाचित ते बरं झालं असतं. ते तग धरून राहिले. दीड महिन्यानं गल्ली मोकळी झाली तेव्हा त्यांना खाटेवरून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस. त्याच सकाळी पुजारीणबाई माझ्या घरी आल्या आणि मला घेऊन कोठीवर गेल्या.

कोठीचे कारकून वयस्क गृहस्थ होते. अतिशय चोख. त्यांनी त्या गल्लीची यादी काढली, चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं.

“हे अक्षर आपलं का?”

“हो.”

“चंबूगबाळे, नग एक. चंबूगबाळे, नग एक. आठ घरं!” त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “मास्तर, यावरून मी कुणाला काय देऊ?”

मी हळूच विचारलं, मोहोरबंद गंगेचे चंबू कुठं ठेवलेत? त्यांनी भिंतीकडच्या फळीकडे बोट केलं. तिथं तीन चंबू ओळीनं होते, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. दुसऱ्या गल्ल्यांतले.

“यादीत ‘गंगाजल, मोहोरबंद’ असं असेल ते वेगळे काढायचे, बाकी बंद भांडी फोडून रिकामी करायची, असा हुकूम होता. तुमच्या गल्लीच्या यादीत असं काही नव्हतं. फोडलेली तिकडं ढिगात आहेत.” मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, “एक चंबू आणि एक बोचकं उचला आणि जा. यादीप्रमाणे तेवढं बसतं. कुठलंही.”

पुजारीणबाईंनी हे ऐकलं नाही. त्या ढिगाच्या पलीकडच्या टोकाला वाकून एकेक भांडं बाजूला करत होत्या. ढिगात तसले चार-पाच चंबू मलाही दिसले. सगळे एकसारखे, काशीच्या एकाच बाजारातले असावेत तसे. तोंडं वाकवून उघडलेली. त्यांतला एक त्यांचा असणार. उताणा पडलेला एक चंबू त्यांनी हातात घेतला, आत पाहिलं आणि पालथा करून ठेवला. मग पुढचा घेतला. त्यानंतर आणखी एक. ओरडल्या असत्या तर मला सोसलं असतं.

मी बोचक्यांकडे गेलो आणि उगाच एकेक सोडू लागलो. एका घोंगडीची घट्ट गुंडाळी होती. ती उलगडली आणि तिच्यातून एक चंबू माझ्या पायावर पडला. हमालांच्या नजरेतून सुटलेला. मोहोर शाबूत होती. गळ्याला किरमिजी सुताचे सात-आठ वेढे होते, आणि शेवटी विणकर तुटलेला धागा सांधताना मारतात तसली बारीक गाठ.

तो पुजाऱ्यांचा नव्हता. पुजाऱ्यांचा चंबू मी पदराखालून निघताना पाहिला होता. त्याच्या गळ्याला काही नव्हतं. हे मी आता अंदाजानं लिहीत नाही. मला त्या क्षणी स्पष्ट माहीत होतं. मी घोंगडीच्या आड बसलो, नखानं गाठ सोडवायला गेलो, ती सुटेना. मग दातानं तोडली. सूत खिशात टाकलं आणि हाक मारली.

“बाई, इकडे या. हा बघा.”

त्या धावतच आल्या. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मोहोर पाहिली, कानाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं.

“हाच की हो आमचा, मास्तर?”

त्यांनी ते विचारलं होतं, की खात्री झाली म्हणून नुसतं म्हटलं होतं, याचा विचार मी पुढे कितीतरी वर्षं केला. त्या वेळी मी “हाच” म्हणालो.

“तुमी लिवून घेतलात म्हणून राहिला बघा,” त्या म्हणाल्या, आणि त्या कोठीत, हमालांच्या देखत, मला नमस्कार करायला वाकल्या. मी मागे सरलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावणं पाठवलं. पुजाऱ्यांना घरघर लागली होती. शेजारची दोन-तीन माणसं होती, पण बाई म्हणाल्या, “तुमीच फोडा. तुमच्या हाताला यश हाय.” मी छिन्नीनं मोहोर उडवली, डाक सोडवली. चंबू बाईंच्या हाती दिला. त्यांनी तुळशीच्या पानावरून थेंब थेंब पाणी पुजाऱ्यांच्या तोंडात सोडलं. त्यांनी ते गिळलं. गळ्याची हालचाल सगळ्यांनी पाहिली. “गिळलं, गिळलं,” बाई म्हणाल्या. घटकेभरानं ते गेले.

मी घरी येऊन अंघोळ केली. बायकोला वाटलं सुतकाची. तिनं विचारलं, “झालं का त्यांच्या मनासारखं?” मी म्हटलं, झालं. आणि ते खोटं नव्हतं. त्या दिवशी मला असंही वाटलं की जे झालं ते चांगलंच झालं. पाणी गंगेचंच होतं. मरणाऱ्याला मिळालं. दुसऱ्या ज्या कुणाचा तो चंबू असेल त्याला कदाचित आणखी वीस वर्षं लागणार नसेल.

तो आला पंधरा दिवसांनी. शाळा सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत एक विणकर फाटकाशी उभा असलेला दिसला. चाळिशीचा, वाळलेला. मी त्याला ओळखलं. गल्लीतलं सहावं घर. त्याच्या घरात कारंटीनमध्येच आणखी एक माणूस आजारी पडलं होतं, म्हणून त्यांना माळावरून सर्वांच्या मागून सोडलं होतं.

“पंतुलु, आमचा चेंबु मिळंना,” तो म्हणाला. विणकरांच्या घरात मास्तराला पंतुलु म्हणतात. “काशीचा. आई घेऊन आलती. येताना आगगाडीत सगळा वेळ मांडीवर घेऊन बसली, खाली ठेवला न्हाय. गळ्याला किरमिजी सूत हाय, आमच्याच मागावरलं. मी बांधलंय.”

“कोठीवर विचारलंत?”

“तीनदा गेलो. ते म्हणत्यात यादीत न्हाय. एक मोकळा चेंबु दिला.” त्यानं पिशवीतून तो काढून मला दाखवला. वाकलेल्या तोंडाचा. गळ्याला डाक उडाल्याचे ठिपके होते. “हा आमचा न्हाय. मी बाहेर काढताना तुमाला वरडून सांगितलं होतं, पंतुलु. घोंगडीत चेंबु हाय, लिवा म्हणून. तुमी लांबनं हात केला.”

मला आठवत नव्हतं. पण मी हात केला असेल.

“यादीत आहे ना,” मी म्हणालो. “चंबू लिहिलेला आहे. पुन्हा एकदा बघा जाऊन.”

तो गेला. मी त्याला चौथ्यांदा त्या कोठीवर पाठवलं, तिथं काही नाही हे माहीत असून. संध्याकाळी कुणीतरी सांगितलं की त्याच्या आईनं अन्न सोडलंय. ती रोज मुलाला विचारते, चेंबु आला का, आणि तो म्हणतो, उद्या येतो.

मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर पुजारीणबाईंकडे गेलो. सगळं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. वाक्यंसुद्धा तयार होती. बाई, तो चंबू तुमचा नव्हता. मी सूत तोडलं. अर्धं पाणी उरलं असेल तर ते ज्याचं त्याला देऊ या.

बाई देवापुढे बसल्या होत्या. चंबू तिथंच होता. तोंडावर मेण थापून त्यांनी तो पुन्हा बंद केला होता.

“बसा की, मास्तर. चहा घेणार?” मग माझी नजर पाहून म्हणाल्या, “अर्धा राहिलाय. माज्यासाठी ठेवलाय. मला कोण हाय? देवळात नवा पुजारी येणार, हे घर सोडायला लागणार. कुठं का पडंना मी, एवढं संगं असलं म्हंजे झालं.” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “यांच्या तोंडात आपल्या घरचं पाणी पडलं बघा. माज्या सासूबाईंनी काशीहून आणलेलं. परक्याचं न्हाय. तेवढंच मागितलं होतं मी देवाला.”

माझी वाक्यं गेली. ती दोघं नवराबायको वाईट नव्हती, त्या गल्लीत कुणीच नव्हतं. पण पुजाऱ्यांच्या घरचं सोवळं मला माहीत होतं. त्या बाईंनी आयुष्यात दुसऱ्याच्या घरच्या भांड्यातलं पाणी ओठांना लावलं नव्हतं. मी बोललो असतो तर त्यांच्या नवऱ्याचं मरण मी पुन्हा त्यांच्यापुढे उघडून ठेवलं असतं. असं मी स्वतःला समजावलं. त्यात खरं किती आणि माझी नाचक्की टाळणं किती, हे मला वेगळं करता आलं नाही, आजही येत नाही.

“एक म्हातारी आहे,” मी म्हणालो. “ओळखीतली. शेवटचं आहे तिचं. तिच्यासाठी थोडं द्याल का?”

त्यांनी कोण म्हातारी, कुठली, काही विचारलं नाही. मेण काढलं.

“घ्या की! गंगा काय आपल्या एकट्याची हाय?”

त्यांनी लहान पितळी वाटी घासलेली होती तरी पुन्हा धुतली, तिच्यात पाणी ओतलं, वर तुळशीचं पान ठेवलं. उरलेल्यातलं निम्म्याहून अधिक त्यांनी मला दिलं. मी पुरे, पुरे म्हणत होतो.

देवळापासून सहाव्या घरापर्यंत ती वाटी दोन्ही हातांत धरून मी चालत गेलो. सगळ्या घरांतून मागांचे आवाज येत होते. मला वाटत होतं, झालं, आता ज्याचं त्याच्याकडे जातंय. मला काही कबूल न करता सगळं जागच्या जागी बसणार होतं.

विणकर मागावर होता. मला दारात पाहून त्यानं धोटा थांबवला.

“हे घ्या,” मी म्हणालो. “गंगेचं आहे. आईंना द्या.”

तो उठून आला. वाटीत पाहिलं.

“कुणाचं?”

“एका घरचं. त्यांच्याकडे होतं.”

“मोहोर?”

“फोडलेली होती. पण पाणी काशीचंच आहे.”

“कशावरनं?” त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. “रागवू नका, पंतुलु. पण नळाचं न्हाय कशावरनं?”

“मी सांगतो ना.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “यादीत हाय म्हणून बी तुमीच सांगितलं होतं.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी चिडलो असतो आणि कदाचित चिडून खरं बोलून गेलो असतो. तो मला समजावून सांगत होता. “आई डोळ्यानं बघितल्याबिगर घेणार न्हाय. तिला तिची मोहोर पायजे, ते सूत पायजे. मी दुसऱ्याचं आणून घातलं आणि ती फसली, तर मला आयुष्यभर झोप लागायची न्हाय. तुमी चांगल्या मनानं आणलं. पण न्या परत.”

एकच वाक्य होतं. हे तुमचंच आहे. ते मी म्हटलं असतं तर त्यानं पुढचं विचारलं असतं, आणि पुढचं उत्तर पाच घरं सोडून, देवळाशेजारी होतं. मी वाटी धरून उभा राहिलो. माझ्या हातात त्याचं पाणी होतं, आणि ते त्याचं आहे हे जगात मला एकट्याला माहीत होतं, आणि त्याचा कुणालाही काही उपयोग नव्हता.

आतल्या अंधाऱ्या खोलीतून म्हातारीचा बारीक आवाज आला. “एवरु रा?”

“पंतुलु,” तो म्हणाला.

“एंदुकु वच्चारु?”

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. “ऊरिके.”

सोलापुरात राहून एवढं तेलुगू मला येत होतं. कोण आलंय, असं तिनं विचारलं होतं. मास्तर, असं त्यानं सांगितलं. कशाला आलेत? सहजच.

त्यानं मला हात जोडले आणि तो पुन्हा मागावर बसला. देवळामागे बेलाचं झाड होतं, त्याच्या मुळाशी मी ते पाणी ओतलं. रिकामी वाटी लगेच परत नेण्याचं धैर्य झालं नाही. आठ दिवस ती आमच्या फडताळात पडून होती. त्या आठ दिवसांत म्हातारी गेली. तिच्या तोंडात काय घातलं, हे मी कुणाला विचारलं नाही.

वाटी द्यायला गेलो तेव्हा पुजारीणबाई घर सोडायच्या तयारीत होत्या. त्यांनी वाटी घेतली, पदरानं पुसली.

“वेळेवर पोचलं का हो पाणी?”

“पोचलं,” मी म्हणालो.

“सुखानं गेली का ती माउली?”

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, त्या न पाहिलेल्या बाईसाठी, आणि मला म्हणाल्या, “तुमच्या हातून लई पुण्य झालं, मास्तर.”